नोकरी सांभाळून रात्रीचे जेवण पौष्टिक कसे ठेवावे?

दोघेही संध्याकाळी साडेसातला घरी येत असताना रात्रीच्या जेवणाचे नियोजन कसे करावे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते पदार्थांआधी आठवड्याची कडधान्ये ठरवावीत, कारण आयत्या वेळी अडते ते तिथेच. रविवारी सकाळी मटकी भिजत घालून रात्री उपसली आणि सुती फडक्यात घट्ट बांधून ठेवली, की सोमवारी संध्याकाळपर्यंत तिला छान मोड येतात. निम्मी उसळीला वापरावी आणि उरलेली डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवावी, म्हणजे बुधवारी तिचीच खिचडी होते. उसळीवर लिंबू अवश्य पिळावे, त्यातील क जीवनसत्त्वामुळे कडधान्यातील लोह शरीरात अधिक शोषले जाते. मधल्या दिवशी ताकातला पालक किंवा पिठले पुरेसे आहे.

भाकरी थापताना तुटते म्हणून अनेक जण ज्वारीच सोडून देतात, याचे मला फार वाईट वाटते. दोष बहुधा हाताचा नसून विरी म्हणजे चिकटपणा गेलेल्या जुन्या पिठाचा असतो. म्हणून आठ-दहा दिवसांपुरतेच दळण आणावे आणि पीठ कढत पाण्यात भिजवून चांगले मळावे.