सरकारी कार्यालयात सगळेच घेत असतील, तर एकट्याने प्रामाणिक राहून टिकता येतं का?

तुमचा प्रश्न असा: लिपिक-टंकलेखक म्हणून मुंबईत नेमणूक झाली आहे, रुजू व्हायला पंधरा दिवस आहेत, आणि ओळखीपाळखीचे सगळे एकच सांगतायत की तिथे सगळेच घेतात, न घेणाऱ्याला टिकू देत नाहीत. मी १९८९ साली ह्याच पदावर ९५०-१५०० च्या वेतनश्रेणीत लागले आणि २०२३ मध्ये निवृत्त झाले. चौतीस वर्षं डोंबिवली ते सीएसएमटी केलं. टिकता येतं. मात्र कसं, हे सांगायला जरा मागे जावं लागेल.

लागून सहा-सात महिने झाले असतील. माझ्याकडे आस्थापनेचं, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या सेवेच्या कागदांचं टेबल होतं, त्यात निवृत्तिवेतनाची प्रकरणं. आमच्याच एका शिपायाचं सेवेत असताना निधन झालेलं. त्यांच्या पत्नी परळहून यायच्या. कुटुंब निवृत्तिवेतनाचा प्रस्ताव महालेखापाल कार्यालयाकडे पाठवायचा तर सेवापुस्तक पूर्ण लागतं, आणि त्या सेवापुस्तकात मधल्या दोन वर्षांच्या रजेच्या नोंदीच नव्हत्या. जुनी हजेरीपत्रकं शोधून नोंदी घेणं म्हणजे दीड-दोन दिवसांचं धुळीतलं काम. मी ते उद्यावर टाकत होते. मनात वाईट काही नव्हतं, निव्वळ कंटाळा. त्या बाई तीनदा येऊन गेल्या. चौथ्या खेपेला त्यांनी रुमालाची गाठ सोडली आणि पन्नासाची घडी घातलेली नोट माझ्या पॅडखाली सारली. म्हणाल्या, "ताई, चहापाण्याला."

मी नोट परत त्यांच्या हातात ठेवली, तर त्यांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं, पैसे कमी आहेत म्हणून परत दिले. "पुढच्या महिन्यात अजून आणते," म्हणाल्या.

मी कधी कुणाकडे एक पैसा मागितला नव्हता. तरी त्या बाईंच्या लेखी मी एकेचाळीस दिवस मागतच होते, कारण त्यांचा कागद माझ्याकडे पडून होता आणि तो का पडून आहे हे मी त्यांना एकदाही सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी रेकॉर्डमधून हजेरीपत्रकं काढली आणि संध्याकाळपर्यंत नोंदी घेतल्या. प्रस्ताव त्याच आठवड्यात गेला. जे काम दीड दिवसाचं होतं, त्यासाठी एका घरात सव्वा महिना पैसे आले नव्हते.

म्हणून तुम्हाला पहिली गोष्ट सांगते ती पाकिटाची नाही, टेबलाची. लाच म्हटली की लोकांच्या डोळ्यांसमोर खोटं काम करून घेणारा येतो. आमच्या पातळीवर बहुतेक पैसा खऱ्या कामासाठीच फिरतो. माणसाचा हक्क असतो, कागद बरोबर असतात, फक्त फाइल हलत नाही. केंद्राने नेमलेल्या संथानम समितीने १९६४ च्या अहवालात हेच मांडलं होतं: काम लवकर व्हावं म्हणून पैसे देण्याची रीत पडते, आणि मग रीत टिकावी म्हणून काम अडवलं जातं. ज्याच्या टेबलावर काही साचलेलंच नाही, त्याच्याकडे विकायला काय उरतं?

कायदाही हेच म्हणतो. दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणून ज्याला ओळखतात त्या २००५ च्या अधिनियमात, कोणतीही नस्ती, म्हणजे फाइल, एका कर्मचाऱ्याकडे साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये असं स्पष्ट लिहिलंय. पुढे २०१५ मध्ये लोकसेवा हक्क अधिनियम आला, त्यात अधिसूचित सेवा मुदतीत न देणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. २००५ च्या त्याच अधिनियमात बदल्यांचे नियमही आहेत, तेवढ्यापुरती त्याची आठवण सगळ्यांना असते. सात दिवसांचं कलम मात्र मी एकाही बैठकीत कुणी काढलेलं ऐकलं नाही, ह्याचं मला आजही वाईट वाटतं.

आता "सगळेच घेतात" ह्याबद्दल. आमच्या शाखेत आम्ही अकरा जण होतो. घेणारे दोघे. बाकीचे नऊ घेत नव्हते आणि बोलतही नव्हते. "सगळेच" हा शब्द त्या दोघांचा होता. तो वापरला की आपलं एकट्याचं राहत नाही, आणि नव्याने आलेल्याला वाटतं आपणच वेगळे. रुजू झाल्यावर नीट बघा. प्रत्येक कार्यालयात एखादी अशी बाई किंवा असा गृहस्थ असतोच, जो साडेपाचला टेबल रिकामं करून उठतो. त्यांच्याकडून टिपणी, म्हणजे फाइलीवरचा आपला लेखी अभिप्राय, लिहायला शिका. मला एका वरिष्ठ सहायकांनी शिकवलं. आधी पत्रव्यवहाराचे सगळे पानक्रमांक बघायचे, मग नियम, मग मागचं उदाहरण, आणि शेवटी आपलं मत. मत लिहायचंच. "निर्णयार्थ सादर" एवढंच लिहून वर ढकललेली फाइल हाही एक पळपुटेपणा आहे.

पैसा नाकारणं त्या मानाने सोपं असतं. अवघड असतं ते पुढे सांगते.

नोकरीच्या सातव्या-आठव्या वर्षी माझ्याकडे आवक, म्हणजे येणाऱ्या कागदांची नोंदवही होती. आमच्या साहेबांनी बोलावून सांगितलं की मुदत संपल्यावर आलेलं एक दरपत्रक मागच्या तारखेने नोंदवून घ्या. दोन नोंदींच्या मध्ये एक ओळ सुटलेली होती, ती त्यांना माहीत होती. पैशाचं काहीच बोलणं नव्हतं. उलट फार प्रेमाने बोलले, "अहो, तुमच्यावर विश्वास आहे म्हणून सांगतोय." मी जागेवर आले, पाणी प्यायले, आणि टिपणी लिहिली: "मा. साहेबांनी दिलेल्या तोंडी निर्देशांनुसार सदर दरपत्रक अमुक तारखेस प्राप्त झाल्याची नोंद घ्यावयाची आहे. प्रत्यक्ष प्राप्तीचा दिनांक तमुक. लेखी आदेशार्थ सादर." फाइल आत गेली आणि त्यावर "चर्चा करावी" असा शेरा येऊन परत आली. चर्चा कधीच झाली नाही. त्या दरपत्रकाची नोंदही झाली नाही.

महिन्याभरात मला अभिलेख कक्षात टाकलं. त्या वर्षीच्या गोपनीय अहवालात प्रतवारी खाली गेली, हे मला पदोन्नतीच्या वेळी कळलं. दोन वर्षं मागे राहिले. बरोबरीची मैत्रीण माझ्याआधी अधीक्षक झाली, तेव्हा मी लोकलमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले होते. तुम्हाला किंमत मोजावी लागणार नाही असं मी म्हणणार नाही. लागेल. पण त्याच व्यवहारावर पुढे लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तेव्हा आवक नोंदवहीतलं प्रत्येक पान तपासलं गेलं, आणि माझ्या अक्षरातली एकही नोंद कुणाला खोटी म्हणता आली नाही.

ही टिपणी मी धाडसाने लिहिली असं समजू नका, मला नियम माहीत होता. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधला तिसरा नियम आजच वाचून ठेवा. त्यात नितांत सचोटीची अपेक्षा आहेच, शिवाय वरिष्ठांच्या निर्देशानुसार काही करायचं तर ते निर्देश शक्य तिथे लेखी घ्यावेत, आणि तोंडी असतील तर लवकरात लवकर लेखी दुजोरा मिळवावा, असंही आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी टी. एस. आर. सुब्रमण्यम प्रकरणात तोंडी आदेशांची नोंद ठेवण्यावर भर दिला. माजी सनदी अधिकाऱ्यांनीच ती याचिका केली होती. आणि २००५ च्या माहितीच्या अधिकारानंतर टिपणीचं पान कुणीही नागरिक मागू शकतो. तुम्ही काय लिहिलं होतं, ते वीस वर्षांनीही तुमच्या बाजूने उभं राहू शकतं, किंवा तुमच्या विरुद्ध.

दुसरी बाजूही मी जवळून बघितली आहे. एकदा लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या सापळ्यात मला पंच, म्हणजे साक्षीदार, म्हणून बोलावलं होतं. पंच म्हणून सरकारी कर्मचाऱ्यांनाच घेतात, तुमच्यावरही ती वेळ येईल. नोटांचे क्रमांक आमच्यासमोर लिहिले, त्यांना फिनॉल्फ्थॅलिनची पावडर लावली. पुढे एका कार्यालयात इशारा झाल्यावर आम्ही आत गेलो. त्या माणसाचे हात सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवले आणि पाणी गुलाबी झालं. बाटल्यांवर चिठ्ठ्या लावून आमच्या सह्या घेतल्या. तो माणूस माझ्याच वयाचा, माझ्यासारख्याच टेबलावरचा. टेबलावर फायलींचा ढीग होता आणि वरच्याच फाइलीला रेल्वेच्या पासचं जुनं कव्हर खूण म्हणून लावलेलं. तो एवढंच विचारत होता, "घरी आत्ताच कळवणार का?" ते गुलाबी पाणी बघितल्यापासून कुणी मला "थोडं घेतलं तर काय होतं" म्हटलं की मी उत्तरच देत नाही.

शिक्षेचं म्हणाल तर भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमाखाली लाच घेणाऱ्याला किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद आहे. २०१८ च्या दुरुस्तीपासून देणाराही थेट गुन्हेगार ठरतो. मात्र ज्याला द्यायला भाग पाडलं, त्याने सात दिवसांच्या आत कळवलं तर त्याला संरक्षण आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा फोन क्रमांक १०६४, तुमच्या कार्यालयातही फलकावर लिहिलेला सापडेल. तो फलक कपाटामागे गेला असेल तर पुढे आणा.

आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय हे उत्तर खरं होणार नाही. २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना इंधनात भेसळ करणाऱ्यांनी जिवंत जाळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कार्यालयात झेंडावंदनाला उभे होतो. राष्ट्रगीत झाल्यावर नेहमीसारखं कुणी लाडवाच्या पुड्याकडे गेलं नाही, बराच वेळ सगळे तसेच उभे राहिले. त्यात ते घेणारे दोघेही होते. त्या सकाळी मला पहिल्यांदा वाटलं की त्यांच्याशी आपण कधी बोललोच नाही. नऊ जणांच्या गप्प बसण्यात मीही होते, आणि त्याची लाज मला त्या पन्नासाच्या नोटेइतकीच आहे. तुम्ही बोला. आरडाओरडा नको, चुगल्या नकोत. शेजारच्या टेबलाजवळ कुणी म्हातारा माणूस तिसऱ्यांदा आलेला दिसला तर त्याला खुर्ची द्या आणि सहकाऱ्याला सगळ्यांसमोर विचारा, "ह्यांचं काय राहिलंय? मी मदत करू का?"

रुजू व्हाल त्या दिवशी एवढं करा. आधीच्या माणसाकडून कार्यभार घेताना प्रलंबित प्रकरणांची यादी मागा, प्रत्येक प्रकरणापुढे तारखेसह. यादी द्यायला टाळाटाळ झाली तर स्वतः कपाट उघडून फायली मोजा, किती निघाल्या ते अधीक्षकांना लेखी कळवा आणि पोच घ्या. मग सगळ्यात जुनी फाइल काढा आणि तिच्यातल्या माणसाला पत्र लिहा, की तुमचा कागद माझ्याकडे आहे, अमुक गोष्ट राहिली आहे, आणि तमुक तारखेला तो इथून पुढे जाईल.