काकांची पोस्टरं आणि ‘पाचशे रुपयां’ची गोम

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलंय. काका बोटीवर नोकरीला होते. सॅन फ्रान्सिस्कोहून त्यांनी आणलेली रॉक मैफलींची जुनी पोस्टरं घराचं रंगकाम चालू असताना माडीवरून चोरीला गेली. त्यातलं एक कोल्हापूरच्या एका विक्रेत्याच्या ऑनलाइन जाहिरातीत दिसलं. पोलीस म्हणाले, ‘कागदच ना, पाचशे रुपये किंमत लिहू’. एफआयआर झालाच नाही. विक्रेता म्हणतो, वीस हजार द्या आणि घेऊन जा. द्यावेत का?

नका देऊ. एक पोस्टर हाती येईल, पण पुरावा जाईल आणि बाकीची कायमची गेली समजा.

सगळी गोम त्या पाचशे रुपयांत आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) खाली पाच हजारांहून कमी किमतीची साधी चोरी अदखलपात्र ठरते, म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. पण तुमची चोरी राहत्या घरातली आहे. तिथे कलम ३०५ लागतं: शिक्षा सात वर्षांपर्यंत आणि किंमत काहीही असो, गुन्हा दखलपात्रच. म्हणून तक्रारीच्या पहिल्याच ओळीत ‘राहत्या घराच्या माडीवरून’ असं लिहा.

किंमतही खरीच सांगा. तुम्ही वर्णन केलेलं कवटी आणि गुलाबांचं पोस्टर ‘ग्रेटफुल डेड’ या रॉक बँडचं, माउस आणि केली या चित्रकार जोडीनं सप्टेंबर १९६६ मधल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या ॲव्हेलॉन बॉलरूम या सभागृहातल्या कार्यक्रमासाठी केलेलं. पहिल्या छपाईची प्रत असेल तर जाणकार संग्राहक तिला मोठी किंमत देतात; नंतरच्या छपायांना तो भाव नसतो. छपाई ओळखणाऱ्याचं लेखी मत घ्या. पण तुमचा माल म्हणून ओळख पटवायला मला त्याहून मोलाचा वाटतो तुम्ही पाठवलेला दिवाणखान्याचा फोटो. कोपऱ्यात टाचणीचं गंजलेलं भोक, खाली चहाच्या कपाचं अर्धं वर्तुळ. हीच वर्णनं तक्रारीत घाला.

ठाण्यात मजकूर कानडीत लिहिला जाईल. सही करण्याआधी तो वाचून दाखवायला सांगा, तुम्हाला तसा हक्क आहे. प्रतही मोफत मिळते. तरीही नकार आला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे बेळगावच्या पोलीस अधीक्षकांना पोस्टानं तक्रार पाठवा, आणि तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. माल कोल्हापुरात सापडला म्हणून खानापूरचा अधिकार जात नाही. जाहिरातीचे स्क्रीनशॉट आजच काढा, पुढे ते पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागेल. विक्रेता ‘मी रद्दीवाल्याकडून घेतलं’ म्हणाला तरी चोरीच्या मालाची मालकी त्याला मिळत नाही.

जप्ती झाल्यावर लगेच कोर्टात अर्ज करून सुपुर्दनाम्यावर, म्हणजे मागितल्यावर हजर करण्याच्या हमीवर, पोस्टर परत मागा. मुद्देमालाच्या खोलीत, खानापूरच्या पावसात, साठ वर्षांच्या कागदाला बुरशी लागते, हे त्या अर्जात स्पष्ट लिहा.