इंजिनाला आंघोळ नको: वाचकांचे प्रश्न, मेकॅनिकची उत्तरं

प्रश्न : आमच्याकडे सासऱ्यांची १९६५ची एमजीबी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) आहे, उघड्या टपाची, लाल. ते होते तोवर गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागायचा नाही. मध्यंतरी एका लग्नासाठी ती बाहेर काढायची ठरली, म्हणून आमच्या मिस्टरांनी वॉशिंग सेंटरला नेली. तिथल्या पोराने बॉनेट उघडून थेट इंजिनावर जेट मारला. गाडी कशीबशी घरी आली. तेव्हापासून सकाळी चालू व्हायला रडवते, झाली तर एक सिलिंडर मारतच नाही. गरम झाली की सुधारते, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. उन्हात ठेवूनही फरक नाही. शिवाय डाव्या बाजूचं कार्पेट ओलं लागतंय. इंजिनात पाणी शिरलं असेल का? आणि पुढच्या वेळी धुताना काय काय झाकायचं?
– एक वाचक, प्रभात रोड, पुणे

उत्तर : ताई, आधी जीव भांड्यात पडू दे. सिलिंडरमध्ये पाणी साठलं असतं तर गाडी घरापर्यंत आलीच नसती. पाणी दाबलं जात नाही. पिस्टनवर पाणी असताना कुणी स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि मग खर्चाला अंत नाही. तरी खात्री म्हणून डिपस्टिक ओढून बघा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर चावीला हात न लावता गाडी टो करून गॅरेजला न्या. नेहमीसारखं काळपट असेल तर तो विषय तिथेच संपला.

तुमचा आजार इग्निशनचा, म्हणजे ठिणगी देणाऱ्या यंत्रणेचा आहे. एमजीबीचं बॉनेट उघडून समोर उभं राहा. दोन्ही एसयू कार्ब्युरेटर (पेट्रोलमध्ये हवा मिसळणारे) आणि सायलेन्सरचा मॅनिफोल्ड गाडीच्या डाव्या अंगाला, तर डायनामो (बॅटरी चार्ज करणारा) आणि डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला करंट वाटणारा) उजव्या, म्हणजे ड्रायव्हरच्या अंगाला. डिस्ट्रिब्युटर ब्लॉकला खाली चिकटून असतो. वरून मारलेलं पाणी नेमकं तिथे उतरतं. कॉइलमधून निघणारा करंट हजारो व्होल्टचा असतो. डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये, म्हणजे झाकणात, ओल मिळाली की तो प्लगपर्यंत जायचे कष्ट घेत नाही, वाटेतच दुसरीकडे उडी मारतो. तशी उडी मारताना कॅपचं बेकलाइट जाळत जातो आणि मागे कार्बनची रेघ सोडतो. उन्हाने पाणी वाळलं, पण रेघ कशी वाळणार? रात्रीच्या गारव्याने कॅपमध्ये जरा दमटपणा आला की सकाळी करंट पुन्हा त्याच रेघेवरून पळतो.

कॅपला दोन स्प्रिंगच्या क्लिपा आहेत. त्या सोडवा, वायरी कॅपमध्येच राहू द्या. एकदा उपटल्या की कुठली कुठे हे आठवत नाही (फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२, हे मिस्टरांना लिहून द्या). आतून कोरड्या सुती फडक्याने पुसा आणि उजेडात धरून तिरकी करून बघा. एका पितळी खुंटीपासून दुसरीपर्यंत, किंवा खुंटीपासून कडेपर्यंत, केसाएवढी काळी रेघ दिसते का? दिसली तर खरवडत बसू नका, कॅप बदला. सोबत कॅपखाली फिरणारा रोटरही नवा घाला. दिसलीच नाही तर वायरी तपासा. रात्री पार्किंगमधला दिवा घालवून इंजिन चालू करा आणि लांबून बघा. वायर फुटत असेल तर निळी ठिणगी ब्लॉकवर उडताना दिसते. हात मात्र खिशात ठेवायचे.

ओल्या कार्पेटचा याच्याशी संबंध नाही. विंडशील्डच्या पुढे हवा आत घ्यायची जाळी आहे. तिथून शिरलेलं पाणी खाली एका नळीने बाहेर पडतं. तुमच्या रस्त्यावरच्या झाडांची बारीक पानं कुजून ती नळी बुजली असणार. खालून तार घालून मोकळी करा. हे वर्षातून एकदा, मेमध्येच उरकावं.

आता धुण्याचं. माझं मत विचाराल तर अशा गाडीचं इंजिन धुवूच नये, पुसावं. आजच्या गाड्यांचे कनेक्टर रबरी सीलचे असतात, तरी कंपन्या जपून धुवा म्हणतात. १९६५ची गाडी तर सगळी उघडी. डायनामोला हवेसाठी दोन्ही टोकांना भोकं आहेत. ब्रेक ऑइलच्या झाकणालाही बारीक भोक असतं, आणि ब्रेक ऑइल ओल शोषून घेतं. कार्ब्युरेटरमध्ये पाणी गेलं तर तेही भोवतं. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि पाणी प्रमाणाबाहेर गेलं की त्याच्यासकट पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं.

त्यामुळे इंजिन पूर्ण गार असताना डिग्रीझर ब्रशला लावून मळी सुटी करायची आणि ओल्या फडक्याने टिपून घ्यायची. गरम मॅनिफोल्डवर गार पाणी पडलं तर बीड तडकू शकतं, हे वेगळं सांगायला नको. डिझेल किंवा रॉकेल मारून घेऊ नका, होझपाइप फुगतात आणि वास आठवडाभर जात नाही.

मळी फारच बसली असेल आणि पाणी वापरावंच लागलं, तर आधी बॅटरीचं अर्थ टर्मिनल सोडवा. तुमच्या मॉडेलला सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटच्या मागे झाकणाखाली आहेत, आणि अर्थ पॉझिटिव्हला आहे. नवा मेकॅनिक सवयीने निगेटिव्ह सोडवायला जातो, त्याला आधीच सांगा. मग डिस्ट्रिब्युटरला दुधाची धुतलेली पिशवी उलटी घालून सायकलच्या ट्यूबचं रबर चढवायचं. कॉइल, डायनामो, दोन्ही एअर फिल्टर आणि ब्रेक-क्लचच्या डब्या यांनाही तसंच. एअर फिल्टर काढून नुसत्या भोंग्या लावल्या असतील तर त्या बाजूला पाण्याचा थेंबही नको. पाणी बादलीतून, मगने, हलक्या हाताने. जेटचं नाव काढायचं नाही. वॉशिंगवाले “इंजिन चालू ठेवून धुतो” म्हणतात तेही ऐकू नका. पंखा ते पाणी नको तिथे उडवतो.

झालं की पिशव्या लगेच काढा, नाहीतर आतल्या आत घाम धरतो. पंक्चरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरने प्लगच्या मुळाशी साठलेलं पाणी उडवा. प्लग खोलायचे असतील तर हे आधी, मग पाना. डब्ल्यूडी-४० हा स्प्रे पाणी हटवण्यासाठीच बनलेला आहे, वायरींवर आणि कॅपच्या बाहेरून खुशाल मारा. डिस्ट्रिब्युटरच्या आतल्या, करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या पॉइंटवर मात्र नको, तेलकट पॉइंट जळतात. गार इंजिनावरच मारा, कारण तो पेट घेतो. शेवटी चांदणी चौकापर्यंत एक चक्कर मारून या, उरलीसुरली ओल निघून जाईल.

प्रश्न : माझी जुनी हेरल्ड पावसाळाभर प्लास्टिकच्या कव्हरखाली असते. दर रविवारी पाच मिनिटं चालू करून बंद करतो. एवढं पुरे ना?
– एक वाचक, बिबवेवाडी

उत्तर : कव्हर चुकीचं आणि पाच मिनिटं त्याहून चुकीची. प्लास्टिकखाली जमिनीची वाफ अडकते आणि पत्र्यावर, डिस्ट्रिब्युटरवर थेंब धरतात. गाडी छपराखाली असेल तर जाड सुती कव्हर घाला. उघड्यावर असेल तर हवा खेळणारं कव्हर घ्या, आणि पाऊस उघडला की तेवढा वेळ काढून ठेवा.

राहिलं चालू करणं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. इंजिन गरम असेल तर ते वाफ होऊन जातं. पाच मिनिटांत इंजिन तापत नाही, मग ते पाणी सायलेन्सरमध्ये साठतं आणि थोडं ऑइलमध्ये उतरतं. सायलेन्सर आतून गंजून दोन-तीन पावसाळ्यांत कुजतो. चालवायची तर अर्धा तास रस्त्यावर चालवा. त्या रविवारी जमत नसेल तर चालूच करू नका, बॅटरी सोडवून चार्जरला लावा.