१५ वर्षांनी पुन्हा मोटरसायकल चालवायची आहे. सुरुवात कशी करू आणि कोणती गाडी घेऊ?

तुम्ही लिहिलं आहे की तुम्ही पिंपरीत राहता, वय ४४. कॉलेजात असताना वडिलांची स्प्लेंडर चालवत होतात, नोकरीनंतर कार आली आणि मग १५ वर्षं हँडल हातात धरलं नाही. आता रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० मनात भरली आहे, घरी बायकोला धास्ती वाटते आणि डिसेंबरात कोकणात उतरायचा बेत आहे.

मी कोल्हापूरचा. १४ वर्षांच्या खंडानंतर, वयाच्या ४७ व्या वर्षी पुन्हा गाडी घेतली. पहिली निवड चुकली, दुसरी जमली. म्हणून आधी थेट उत्तर देतो: सव्वाशे ते दीडशे किलो वजनाची गाडी घ्या, शक्यतो सेकंडहँड. एक वर्ष ती चालवा आणि क्लासिक पुढच्या दसऱ्याला आणा. असं का म्हणतो ते तुमच्या उजव्या पायाशी निगडित आहे, ते जरा सविस्तर सांगावं लागेल.

मी शिकलो वडिलांच्या जुन्या बुलेटवर. तिचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. पहिला गिअर वर, बाकीचे तीन खाली. पुढे ती विकली, कार आली. त्यानंतरची १४ वर्षं माझा उजवा पाय एकच गोष्ट शिकत राहिला, की समोर काही आडवं आलं की जोरात दाबायचं. मग शोरूममधून साडेतीनशे सीसीची नवी कोरी गाडी आणली. क्लच आणि गिअर दहा मिनिटांत अंगवळणी पडले. मला वाटलं, झालं, आपण काहीच विसरलो नाही.

तिसऱ्या आठवड्यात संध्याकाळी एका गावाच्या वेशीवर दावं तुटलेलं रेडकू रस्त्यात आलं. वेग फार तर ३५ असेल. मी उजवा पाय सगळी ताकद लावून दाबला, कारमध्ये दाबतो तसा. पुढच्या ब्रेकच्या लिव्हरकडे बोटं गेलीच नाहीत. मागचं चाक जाम झालं, गाडी आडवी होत गेली आणि मी उजव्या तळहातावर आपटलो. हाड मोडलं नाही, पण तळहात सोलून निघाला. तीन आठवडे डाव्या हातानं भाकरी खाल्ली.

कारमध्ये एक पेडल चारही चाकांना थांबवतं. मोटरसायकलवर तोच पाय फक्त मागचं चाक धरतो. ब्रेक लागला की गाडीचं आणि आपलं वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं चाक हलकं होतं आणि हलकं झालेलं चाक चटकन जाम होऊन घसरतं. गाडी थांबवण्याचं मोठं काम पुढचा ब्रेक करतो, म्हणजे उजव्या हाताची दोन बोटं. १५ वर्षं कार चालवलेल्या माणसाच्या घाबरलेल्या मेंदूला ही दोन बोटं आठवतच नाहीत. तुम्ही स्प्लेंडरवर शिकलात, म्हणजे मागचा ब्रेक उजव्या पायालाच होता. माझ्यासारखा दुहेरी गोंधळ तुमचा होणार नाही. पण कारची सवय तुम्हालाही आहेच.

म्हणून गाडी निवडताना रंग आणि आवाज बघण्याआधी एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक लावला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, कोणता आहे ते विचारा. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या गाडीला एबीएस सक्तीचा आहे. पण सिंगल चॅनल एबीएस फक्त पुढच्या चाकाला जाम होऊ देत नाही. मागचं चाक तसंच उघडं राहतं, आणि आपली सवय नेमकी मागच्याच चाकावर ताकद लावण्याची असते. ड्युअल चॅनल असेल तर दोन्ही चाकं सांभाळली जातात. एकाच मॉडेलच्या स्वस्त प्रकाराला सिंगल आणि महागाला ड्युअल असंही असतं, त्यामुळे 'एबीएस आहे ना?' एवढंच विचारून थांबू नका. दीडशे-एकशेसाठ सीसीच्या वर्गात बजाजच्या पल्सर एन १६० ला ड्युअल चॅनल मिळतो. पुन्हा सुरुवात करणाऱ्याला मी ती बिनधास्त सुचवतो.

आता वजनाबद्दल. तुमच्या हाताला आठवते ती स्प्लेंडर सुमारे ११२ किलोची. क्लासिक ३५० सुमारे १९५ किलोची. धावत्या गाडीत हा फरक जाणवत नाही, उलट जड गाडी हायवेवर ठाम वाटते. फरक कळतो तो पार्किंगमधून मागे ओढताना, उतारावर यू-टर्न घेताना, सिग्नलला पाय खडीवर पडला तेव्हा. माझी आमच्याच गल्लीत, उभ्या उभ्या, उताराच्या बाजूला कलली. एका मर्यादेपर्यंत पाय तोलून धरतो आणि त्यापुढे ती आपल्याला घेऊनच खाली जाते. शेजारच्या दोन पोरांनी उचलायला मदत केली. त्या दिवसापासून अरुंद जागी गाडी वळवायची म्हटलं की माझ्या पोटात गोळा यायचा, आणि घाबरलेला माणूस हँडल आवळून धरतो, नजर चाकाखाली ठेवतो, मग आणखी चुकतो. आठ महिन्यांनी मी ती विकली. गाडीत काही खोट नव्हती. मी तिच्या तयारीचा नव्हतो.

नंतर होंडाची सेकंडहँड युनिकॉर्न घेतली, १४० किलोच्या आसपासची. तिच्यावर खऱ्या अर्थानं पुन्हा शिकलो. यामाहाची एफझेडही त्याच वजनाची आहे, तीही चांगली. या दोघींना सिंगल चॅनल एबीएस आहे, ते लक्षात ठेवून सराव करावा लागतो. क्लासिकच्या जातीचीच गाडी हवी आणि मन ऐकतच नसेल तर हंटर ३५० बघा. इंजिन त्याच घराण्यातलं, वजन १८१ किलो आणि सीट ७९० मिलिमीटर, म्हणजे क्लासिकपेक्षा थोडी खाली. टीव्हीएसची रोनिन त्याहून हलकी, साधारण १६० किलोची, तीही एकदा चालवून पाहा. उंची कमी असेल तर अ‍ॅव्हेंजरची सीट सगळ्यात खाली, ७३७ मिलिमीटर. पण तिचं लांब हँडल आणि पुढे टाकलेले पाय शहरातल्या गर्दीत मला सोयीचे वाटले नाहीत. शोरूममध्ये नुसतं बसून उठू नका. बूट घालून बसा, गाडी पायांनी दहा फूट मागे ढकला आणि स्टँडवरून स्वतः काढा. तेवढ्यात निम्मं उत्तर मिळतं.

सेकंडहँड का म्हणतो, तर पहिल्या वर्षात गाडी एक-दोनदा तरी पडते, नवीला ओरखडा आला की जीव हळहळतो आणि माणूस सराव टाळायला लागतो. बघायला जाण्याआधी मालकाला सांगा, 'मी येईपर्यंत गाडी चालू करू नका.' गेल्यावर इंजिनला हात लावून ते गार आहे ना ते बघा, कारण गरम इंजिन सगळ्यांचंच पटकन चालू होतं. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. ३२१९ म्हणजे २०१९ सालचा ३२ वा आठवडा. नक्षी शिल्लक दिसली तरी रबर पाच-सहा वर्षांत कडक होतं, त्यामुळे टायरच्या किमतीएवढा भाव खाली मागा. पुढच्या शॉकअपच्या नळ्यांवर तेलाचा ओलावा नको. चेसिस नंबर आरसी बुकाशी ताडून घ्या. कर्ज असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि बाकी ई-चलनं हे सौदा होण्याआधी निपटवा. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन गाडी लगेच नावावर करा, 'नंतर बघू' म्हणू नका. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवलेली आहे का तेही पाहा.

तुमच्या स्प्लेंडरनंतर गाड्यांमध्ये काही बदल झालेत, त्यानं दचकू नका. हेडलाइट कायम चालू राहतो, त्याला बटणच नाही. २०२० च्या बीएस-६ या प्रदूषणाच्या नियमानंतर कार्ब्युरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आलं, त्यामुळे चोक ओढायचा नाही. बऱ्याच गाड्यांना किक नाही, म्हणून बॅटरीकडे लक्ष ठेवा.

लायसन्स काढून बघा, त्यावर एमसीडब्ल्यूजी, म्हणजे गिअरची मोटरसायकल, लिहिलेलं आहे का. कार चालवणाऱ्या काहींकडे फक्त एलएमव्ही, म्हणजे कारचं, असतं आणि ते बाइकला चालत नाही. मुदत संपून वर्ष उलटलं असेल तर नूतनीकरणासाठी पुन्हा टेस्ट द्यावी लागते.

हेल्मेट नवीन घ्या, जुनं माळ्यावरचं काढू नका. माझ्या जुन्या हेल्मेटच्या आतला फोम बोटानं भुगा होत होता. आयएसआय शिक्का असलेलं, हनुवटी झाकणारं, डोक्याला घट्ट बसणारं. आणि हातमोजे. पडताना माणूस आधी हात पुढे टेकतो, हे मला तळहातानं शिकवलं. मोजे आहेत म्हणून गरम होतं, घाम येतो, तरी घालतो.

रस्त्यावर गेल्यावर कारची आणखी एक सवय आड येते. कारमध्ये आपण पुढची गाडी आणि आरसा बघतो, रस्त्याचा पृष्ठभाग बघत नाही. दोन चाकांवर तो बघावाच लागतो. आमच्याकडे गळीत हंगामात उसाच्या ट्रॉलीतून पडलेल्या कांड्या आणि पाला रस्त्यावर चेंगरून गुळगुळीत थर होतो आणि रात्री त्याच ट्रॉल्या मागच्या लाइटशिवाय पुढे उभ्या असतात. तुमच्याकडे मेट्रोच्या कामाजवळची वाळू, सिमेंटच्या गाड्यांनी सांडलेला माल, लोखंडी प्लेटा असतील. झेब्राच्या पांढऱ्या पट्ट्या ओल्या असताना ब्रेक मारू नका. वळवाच्या पहिल्या सरीनंतर अर्धा तास रस्त्यावर महिनोन्‌महिन्यांचं तेल तरंगतं, तेवढा वेळ चहाच्या टपरीवर काढा. लेन बदलताना आरशावर विसंबू नका, मान वळवून खांद्यावरून एकदा बघा. वेगाचंही तसंच. ६० च्या वेगानं आपण सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जातो आणि ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर ४० च्या मानानं दुपटीहून जास्त होतं. सहा एअरबॅगांच्या आत हा हिशेब कुणी करत नाही.

कोकणाचा बेत मोडू नका, फक्त क्रम लावा. सकाळी लवकर पानशेत, मग भोर, मग ताम्हिणी. ज्या गिअरनं चढलात त्याच गिअरनं उतरा, ब्रेक तापू देऊ नका. दर तासाला उतरून पाय मोकळे करा. ४४ व्या वर्षी मनगटं आणि कंबर आधी बोलतात आणि दुखऱ्या मनगटानं ब्रेक उशिरा लागतो. हजारएक किलोमीटर एकट्यानं झाल्याशिवाय मागे कुणालाही बसवू नका, बायकोलाही नाही. मागचं ६० किलो वजन ब्रेक आणि वळण दोन्ही बदलून टाकतं.

आता बायकोच्या धास्तीबद्दल. माझ्या घरीही पडल्यानंतर बोलणं बंद होतं. तेव्हा मुलीनं एक गोष्ट केली. दर रविवारी सकाळी सहाला आम्ही एका मोकळ्या मैदानावर जायचो. ती एक वीट ठेवायची. मी ३० च्या वेगानं यायचो आणि विटेपाशी आलो की दोन्ही ब्रेक लावायचो. पायाचा दाब हलका आणि बोटांचा वाढत जाणारा, म्हशीची धार काढताना सड दाबत नेतात तसा. एकदम हिसका दिला तर पुढचं चाक घसरेल, म्हणून दाब वाढवत न्यायचा. गाडी थांबली की ती विटेपासून पावलं मोजायची आणि वहीत लिहायची. पहिल्या रविवारी १९ पावलं. सहाव्या रविवारी १०. सातव्या आठवड्यात बाजारातून येताना एका रिक्षानं अचानक दार उघडलं, तेव्हा माझी बोटं आपणहून लिव्हरवर गेली आणि गाडी सरळ रेषेत थांबली.

ती वही दाखवल्यावर घरातलं बोलणं सुरू झालं. तुम्हीही पहिल्या रविवारी वीट आणि वही बायकोच्या हातात द्या, पावलं तिलाच मोजू द्या. तुमची उंची प्रश्नात लिहिलेली नाही, ती कळवलीत तर सीटच्या हिशेबानं दोन-तीन गाड्यांमधली एक नेमकी सांगतो.