सूर्यावर 'लोहचुंबक' कुठला?

डिचोलीच्या एका शिक्षिकेने विचारले आहे: 'सूर्याच्या सक्रिय क्षेत्रातील लोहचुंबकीय क्षेत्र' यात 'क्षेत्र' दोनदा येते, कानाला खटकते, काय करावे?

पहिल्या ठिकाणी 'प्रदेश' म्हणा. मला खुपते ते 'लोहचुंबकीय'. व्याख्यानांत, बातम्यांत हा शब्द सर्रास ऐकू येतो आणि तो साफ चुकीचा आहे. लोखंड ७७० अंश सेल्सिअसला आपले लोहचुंबकत्व (स्वतः चुंबक बनण्याचा गुण) गमावते. सक्रिय प्रदेशांतले सौरडाग (सूर्यावरचे काळसर डाग) भोवतालापेक्षा थंड खरे, पण तिथेही तापमान साडेतीन हजार अंशांच्या आसपास! तिथले क्षेत्र विद्युत्‌भारित वायूतल्या प्रवाहांचे आहे. अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एलरी हेलने १९०८ मध्ये वर्णरेषा (वर्णपटातल्या बारीक रेषा; चुंबकीय क्षेत्रात त्या दुभंगतात) दुभंगलेल्या पाहून ते ओळखले. त्याची तीव्रता दोन-तीन हजार गाऊस (चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक), पृथ्वीच्या क्षेत्राची जेमतेम अर्धा गाऊस. उलट तुमच्या डिचोलीच्या खाणीतले लोहखनिज मुख्यतः हेमॅटाइट, ते साध्या चुंबकाला सहसा चिकटत नाही. लोह असले की चुंबक, हे समीकरणच सोडा.

कोशांनी हा घोळ वाढवला. चुंबक, लोहचुंबक, अयस्कांत एका ओळीत समानार्थी म्हणून मांडून मोकळे! रसशास्त्राची (आयुर्वेदातल्या धातू-खनिजांच्या शास्त्राची) नजर याहून कितीतरी बारीक होती. तिथे कांतलोहाचे (चुंबकीय लोहाचे) पाच प्रकार आहेत: लोखंडाला फिरवतो तो भ्रामक, चिकटून धरतो तो चुंबक (चुंब् म्हणजे मुका घेणे), ओढतो तो कर्षक, वितळवतो तो द्रावक, आणि पाचवा रोमकांत. म्हणजे 'चुंबक' हे पाचांपैकी एकाचेच नाव, आणि तेही स्पर्शाचे.

रोमकांत फोडला की त्यावर रोम उगवतात, असे वर्णन आहे. हे दगडातले तंतू असावेत, असे मानणाऱ्यांचे मला मुळीच पटत नाही. चुंबकपाषाण फोडला की फुटलेल्या तोंडांवर नवे ध्रुव तयार होतात आणि लोहकण तिथे केसांसारखे ताठ उभे राहतात. रोम ते हेच! पाहणाऱ्याने क्षेत्ररेषाच (चुंबकीय क्षेत्राची दिशा दाखवणाऱ्या रेषा) पाहिल्या होत्या, असे माझे ठाम मत आहे.

आणि सौरडागांभोवती हायड्रोजनच्या तांबड्या प्रकाशात काय दिसते? क्षेत्राच्या दिशेने विंचरल्यासारखे बारीक तंतू. त्यांची भोवऱ्यासारखी मांडणी पाहूनच हेलला चुंबकत्वाची शंका आली होती. या तंतूंना मराठीत 'रोमकांत तंतू' म्हणावे, असे मी सुचवतो. लोखंड सूर्यावर आहे, पण वाफेच्या रूपात. ६१७३ अँगस्ट्रॉम (तरंगलांबीचे एकक) तरंगलांबीच्या त्याच्या वर्णरेषेवरून आज उपग्रह हे क्षेत्र मोजतात. तेवढ्याने ते क्षेत्र लोहचुंबकीय होत नाही.