नादारीची नोटीस: लढण्याआधी तारण देता येतं का ते पाहा

प्रश्न असा आहे: शहापूर, बेळगाव इथल्या एका यंत्रमागधारकावर सुताच्या उधारीपोटी 14 महिन्यांपूर्वी 8,40,000 रुपयांची डिक्री, म्हणजे पैसे देण्याचा कोर्टाचा हुकूम, झाली. पुढचं व्याज 6 टक्के. अपील केलेलं नाही. डिक्रीनंतर सहा महिन्यांनी त्यांनी व्यापाऱ्याला दीड लाख रुपये रोख दिले, पावती साध्या कागदावर आहे. आता नादारीची (दिवाळखोरीची) नोटीस आली आहे. मागणी 8,98,800 रुपयांची, मुदत एक महिन्याची. कंग्राळीला अंदाजे 11 लाखांचा प्लॉट आहे. ते विचारतात: नोटिशीला आव्हान द्यावं, सोनं गहाण ठेवून पैसे भरावेत, की घर पत्नीच्या नावावर करावं?

घराचं आधी सांगतो, कारण त्याचा विचार आजच सोडायला हवा. 1920 च्या प्रांतिक नादारी कायद्याच्या कलम 53 नुसार, हस्तांतर झाल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल झालेल्या अर्जावर तुम्ही नादार ठरलात, तर ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. त्याहून वाईट म्हणजे धनकोला (ज्याचं देणं आहे त्याला) बुडवण्यासाठी केलेलं हस्तांतर हे स्वतःच नादारीचं कृत्य, म्हणजे नादारीच्या अर्जाला पुरेसं कारण, धरलं जातं. नोटिशीची मुदत टळली तर समोरच्याच्या हातात एक कारण येईल, दुसरं तुम्ही बक्षीसपत्राच्या स्टॅम्पचे पैसे भरून द्याल.

आता आव्हान. कलम 6 मध्ये नोटीस रद्द करून मागण्याची कारणं मोजकी आहेत. डिक्रीइतकी किंवा त्याहून मोठी उलट मागणी असावी आणि ती मूळ दाव्यात कायद्यानेच मांडता येत नसावी, हे एक. ‘सूत खराब निघालं होतं’ ही तुमची तक्रार त्याच दाव्यात मांडता आली असती, म्हणून ती इथे चालणार नाही. बाकीची कारणं कर्जमुक्तीच्या कायद्यांवर उभी आहेत. तुमचं देणं मालाच्या उधारीचं असल्याने त्यांचा आधार मिळेलसं दिसत नाही. शिवाय अर्ज फेटाळला गेला, तर फेटाळल्याची तारीख किंवा नोटिशीची मुदत संपल्याची तारीख, यातली जी नंतरची, त्या दिवशी नादारीचं कृत्य घडलं असं धरतात. तिथून धनकोला अर्जासाठी तीन महिने मिळतात.

आकड्यावर मात्र जरूर भांडा. 6 टक्क्यांनी महिन्याचं व्याज 4,200, म्हणजे सहा महिन्यांचं 25,200. दीड लाखातून ते वजा करून उरलेले 1,24,800 मुद्दलातून गेले, मुद्दल उरलं 7,15,200. पुढच्या आठ महिन्यांचं व्याज 28,608. खर्च सोडून देणं झालं 7,43,808. नोटिशीत दीड लाखांचा पत्ताच नाही. केवळ रक्कम जास्त लिहिली म्हणून नोटीस आपोआप बाद होत नाही. तुम्ही मुदतीच्या आत ‘रक्कम चुकीची आहे’ असं व्यापाऱ्याला लेखी कळवलं, तरच तो मुद्दा जिवंत राहतो. नोंदणी केलेल्या स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह कळवा. नोटीस कन्नडमध्ये असेल तर आजच भाषांतर करून घ्या. महिना नोटीस बजावल्यापासून मोजतात, समजल्यापासून नाही.

पावतीचा घोळ इथेच आहे. कोर्टाबाहेर दिलेले पैसे डिक्रीत नोंदवून घ्यावे लागतात, नाहीतर दरखास्त (डिक्रीच्या वसुलीचा अर्ज) चालवणारं कोर्ट ते जमेस धरत नाही. ऋणकोने (देणेकऱ्याने) त्यासाठी अर्ज करण्याची मुदत 30 दिवसांची, ती तुमची केव्हाच उलटली. व्यापाऱ्याने स्वतः कोर्टाला कळवलं, तर अजूनही नोंद होऊ शकते. म्हणून ही गोष्ट तडजोडीत घाला.

आणि तडजोडीला जागा आहे. नोटीस पैसे भरायला सांगते किंवा धनकोचं समाधान होईल असं तारण द्यायला सांगते. हा दुसरा भाग बहुतेक लोक वाचतच नाहीत. कंग्राळीचा प्लॉट नोंदणीकृत गहाणखताने तारण द्या, विक्रीसाठी सहा महिने मागा. त्याच करारात दीड लाखांची नोंद आणि तोवर दरखास्त न चालवण्याची अट लिहून घ्या. प्लॉट ग्रामपंचायत हद्दीत असेल तर ई-स्वत्तूचा (ग्रामपंचायत मिळकतींच्या कर्नाटकातल्या ऑनलाइन नोंदीचा) उतारा आधी काढा, त्याशिवाय नोंदणी अडते. घाईने विकलात तर 11 लाखांचे 9 लाख होतील.

सोनं दुसऱ्या क्रमांकावर. सोनेकर्ज 10 टक्क्यांनी मिळालं, तर 7.44 लाखांवर महिन्याला सुमारे 6,200 रुपये व्याज; डिक्रीचं व्याज आता 3,576 आहे. सहा महिन्यांत फरक पंधरा-सोळा हजारांचा. व्यापारी तारण नाकारत असेल तर तेवढे पैसे देणं परवडतं. पीपीएफ आणि आयुर्विमा मात्र मोडू नका. त्यांवर जप्ती येत नाही आणि नादारीतही ते रिसीव्हरकडे (नादाराची मालमत्ता ताब्यात घेणाऱ्याकडे) जात नाहीत.

तुम्हाला हातउसने पैसे देणारा मेहुणा वगैरे कोणी असेल, तर त्याला आधी फेडायचा मोह होईल. नादारीच्या अर्जाआधीच्या तीन महिन्यांत त्याला झुकतं माप देऊन दिलेले पैसे परत मागितले जाऊ शकतात.

सीमाभागातल्या इतर वाचकांसाठी एक गोष्ट: बहुराज्य पतसंस्थेच्या थकबाकीवर लवादाचा निवाडा झाला असेल आणि त्यावरून अशी नोटीस आली असेल, तर वकिलाला पथेजा विरुद्ध आयसीडीएस हा 2006 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवा. मुंबईसाठीच्या 1909 च्या नादारी कायद्याखालच्या त्या खटल्यात, निवाडा म्हणजे डिक्री नव्हे आणि त्यावर नादारीची नोटीस काढता येत नाही, असं ठरलं. आपल्याकडच्या कलमाची शब्दरचना तशीच आहे. तुमच्या डिक्रीला मात्र हा बचाव लागू नाही.

तारणावर एकमत झालं नाही आणि पुढे व्यापाऱ्याने नादारीचा अर्ज केलाच, तर कलम 25 लक्षात ठेवा: ऋणको देणी फेडू शकतो, अशी कोर्टाची खात्री झाल्यास अर्ज फेटाळला जातो. 11 लाखांच्या प्लॉटचे कागद आणि मूल्यांकन त्या दिवशी कामाला येईल, म्हणून मूल्यांकन याच महिन्यात करून ठेवा.