चादर यादीत दिसते, मग प्रोग्रामला का सापडत नाही?

प्रश्न : नमस्कार सर, मी सोलापूरला चाटी गल्लीत एका होलसेल कापड दुकानात हिशेबाचं काम बघतो, रात्री घरी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकतोय. मालाची यादी प्रोग्रामला दिली आणि नावात 'चादर' असेल तेवढंच दाखव म्हणून इफमधे (अट तपासणारी ओळ) फाइंड (शब्द शोधणारी आज्ञा) लावलं. तर टॉवेल, नॅपकिन सगळं आलं, 'डबल बेड चादर' पण आली आणि 'चादर जेकार्ड मोठी' मात्र गायब! एरर काहीच नाही. असं उलटं कसं काय ओ?

उत्तर : फाइंड 'आहे की नाही' हे सांगतच नाही बघा, ते 'कुठं आहे' ते सांगतं, म्हणजे जागेचा नंबर, आणि पायथनमधे मोजणी ० पासनं. 'चादर जेकार्ड मोठी'त चादर अगदी सुरुवातीलाच आहे म्हणून उत्तर आलं ०, आणि इफच्या लेखी ० म्हणजे नाही, झाली ओळ गायब. टॉवेलमधे चादर नाहीच, तेव्हा फाइंड देतं -१, आणि शून्य सोडून कुठलाही आकडा आला की इफ हो समजतं, वजा असला तरी, म्हणून टॉवेल आत आले. 'डबल बेड चादर' बरोबर आली ती निव्वळ योगायोगानं.

आहे-नाही एवढंच विचारायचं असेल तर इन वापरा, आधी 'चादर', मग इन, मग नाव, उत्तर ट्रू किंवा फॉल्स, विषय संपला. जागा खरंच हवी असेल तेव्हाच फाइंड, आणि आलेला आकडा -१ तर नाही ना हे पुढं वापरायच्या आधी तपासायचंच, कारण पायथनमधे -१ ही खरीखुरी जागा आहे, शेवटचं अक्षर, त्यामुळं तो आकडा तसाच पुढं दिला तर प्रोग्राम न थांबता चुकीचा तुकडा कापून देतो आणि कुणाला कळत पण नाही. म्हणून जिथं शब्द सापडायलाच पाहिजे तिथं मी फाइंडसारखंच जागा सांगणारं इंडेक्स वापरा म्हणेन, न सापडल्यास ते व्हॅल्यूएरर देऊन तिथंच थांबतं. स्टॉकच्या हिशेबात गुपचूप चुकण्यापेक्षा थांबलेलं कधीही बरं.

प्रश्न : मी जुळे सोलापूरला राहते, कॉलेजला आहे. वडिलांच्या कारखान्याच्या ऑर्डरी व्हॉट्सॲपवरनं कॉपी करून त्यात इन वापरून 'टॉवेल' शोधते, तर काही ऑर्डरी सुटतातच, डोळ्यानं बघितलं तर शब्द सेम टू सेम आहे. काय करू?

उत्तर : डोळ्याला सेम, पण आत सेम नाही. सुटलेला शब्द आणि तुम्ही टाइप केलेला शब्द दोन्हींची लांबी लेननं काढून बघा. नीट लिहिलेल्या 'टॉवेल'ची लांबी ५ येते, ट, ॉ, व, े, ल. पण मोबाईलवर पुष्कळ लोक आधी काना देतात आणि मग वर चंद्र, असा 'टाॅवेल' ६ चा होतो. प्रत्येक अक्षराला आणि मात्रेला आत स्वतःचा एक नंबर असतो, त्याला कोड म्हणतात, आणि पायथन असा एकेक कोड जुळवतं, अक्षर कसं दिसतं त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. युनिकोडडेटा या पायथनबरोबरच येणाऱ्या मोड्यूलमधलं नॉर्मलाइझ एनएफसी (सुटे कोड शक्य तिथं एका कोडात जोडणारं) लावून चालवा, र खाली नुक्ता (टिंब) देऊन लिहिलेला ऱ त्यानं सरळ होतो, पण हा काना-चंद्र त्यानं सुटत नाही, त्याला रिप्लेसच करावं लागतं, 'ाॅ' च्या जागी 'ॉ'. हे दोन्ही ऑर्डर वाचल्या वाचल्या करायचं, शोधायच्या आधी, आणि शोधायच्या शब्दाला पण.

आता अजून एक तुमच्या वाटेत येणारच आहे. 'सोलापुरी चादर' या ओळीत 'सोलापूर' शोधलं तर फॉल्स येतं, कारण पू दीर्घ आणि पु ऱ्हस्व हे दोन वेगळे कोड आहेत, आणि मराठीत प्रत्यय लागला की असं सारखं होतं. तिथं 'सोलाप' एवढंच शोधा, मात्रा प च्या नंतरचा वेगळा कोड असल्यानं सोलापूर, सोलापुरी, सोलापुरात सगळे सापडतात.